अठरा सह्या आणि पांच प्रती

ग्रंथांचा इतिहास लिहावयाचा म्हणजे ग्रंथकारांचा इतिहास लिहावयाचा, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. कोणीं लिहिलें, केव्हां लिहिलें, कोठें छापलें हें ठरलें कीं वाङ्मयेतिहासकाराचें काम संपलें. परंतु छापून झाल्यावर तें पुस्तक कोणाच्या हातीं गेलें, त्या हातांतून पुढें कोणाकडे गेलें, कोणीं तें जपलें आणि कोणीं माळ्यावर फेकून दिलें, हा दुसरा इतिहास बहुधा लिहिलाच जात नाहीं. छापखाना, वर्तमानपत्रें, विद्यापीठें हीं सारीं साधनें ज्या वर्गाला अनुकूल असतात, त्या वर्गाच्या ग्रंथांपुरता हा दुसरा इतिहास नसला तरी चालतें. त्यांचीं पुस्तकें आपोआप टिकतात असा भास होतो. अमेरिकेंतील कृष्णवर्णी स्त्रियांच्या ग्रंथांविषयीं विचार करूं लागलें म्हणजे मात्र हा दुसरा इतिहासच मुख्य होऊन बसतो. त्यांपैकीं कांहीं ग्रंथांची हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे.

इ. स. १७६१ सालीं 'फिलिस' नांवाचें एक जहाज आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून गुलाम घेऊन बोस्टनच्या बंदरास लागलें. त्या गुलामांत सात-आठ वर्षांची एक मुलगी होती. तिचे पुढचे दुधाचे दांत पडलेले होते, त्यावरून तिच्या वयाचा अंदाज करण्यांत आला. जॉन व्हीटली नांवाच्या व्यापाऱ्यानें आपली पत्नी सुझॅना हिच्या सेवेसाठीं तिला विकत घेतलें. जहाजाचें नांव तिला दिलें, मालकाचें आडनांव तिला लावलें, आणि अशा रीतीनें फिलिस व्हीटली हें नांव तयार झालें. मालकाच्या घरांत तिला शिकूं देण्यांत आलें. दीड वर्षाच्या आंत ती इंग्रजी बायबल वाचूं लागली. पुढें लॅटिनही शिकली. १७६७ सालीं तिची पहिली कविता न्यूपोर्टच्या वर्तमानपत्रांत छापली गेली, आणि १७७० मध्यें जॉर्ज व्हाइटफील्ड या प्रसिद्ध धर्मोपदेशकाच्या मृत्यूवर तिनें लिहिलेल्या विलापिकेमुळें तिचें नांव समुद्रापलीकडे गेलें.

एवढी कीर्ति झाल्यावर पुस्तक निघावें हें ओघानेंच आलें. १७७२ सालीं बोस्टनमध्यें वर्गणीदारांसाठीं जाहिरात देण्यांत आली. परंतु पुरेसे वर्गणीदार मिळाले नाहींत. अखेर पुस्तक लंडनमध्यें छापावें लागलें. १७७३ सालीं आर्चिबाल्ड बेल या प्रकाशकानें तें काढलें, आणि त्यांत कवितांच्या आधीं एक विलक्षण मजकूर घालण्यांत आला. बोस्टनमधील अठरा प्रतिष्ठित गृहस्थांनीं जगाला खात्री दिली होती कीं, या कविता त्या गुलाम मुलीच्याच आहेत, जाणत्या लोकांनीं तिची परीक्षा घेतलेली आहे, आणि या कविता लिहिण्याची तिची पात्रता आहे. सह्या करणाऱ्यांत प्रांताचा गव्हर्नर थॉमस हचिन्सन होता, त्याचा दुय्यम अँड्र्यू ऑलिव्हर होता, पुढें स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर मोठ्या अक्षरांत सही करून गाजलेला जॉन हँकॉक होता, सात पाद्री होते, आणि अठरावी सही खुद्द मालकाची होती. यांतील अनेकांच्या घरीं गुलाम होते. अलीकडच्या कांहीं लेखकांनीं या प्रसंगाचें मोठें नाट्यमय चित्र रंगविलें आहे : दिवाणखान्यांत अठरा पुरुष ओळीनें बसले आहेत आणि मधोमध उभी असलेली अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी लॅटिनच्या प्रश्नांना उत्तरें देत आहे. अशी एकत्र परीक्षा झाल्याचा कांहीं पुरावा नाहीं. पुरावा आहे तो दाखल्याचा. पण तो दाखलाच पुरेसा बोलका आहे. कविता चांगली कीं वाईट, हा प्रश्न त्यांत नाहीं. कविता हिची असणें शक्य आहे काय, एवढाच प्रश्न आहे.

येथें आमच्या स्वतःच्या वागणुकीची एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. सुमारें वीस वर्षांपूर्वी आमच्या वर्गांत एक विद्यार्थिनी होती. मराठी शाळेंतून आलेली. वर्गांत कधीं तोंड उघडलें नाहीं. सहामाहीच्या सुमारास तिनें इंग्रजींत एक निबंध लिहून दिला. तो इतका सुबक, इतका नेमका होता कीं आम्हांला वाचतां वाचतां संशय आला. आम्हीं तिला खोलींत बोलावून विचारलें, "हा कोणी लिहून दिला?" ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "सर, येथेंच बसून दुसरा लिहूं का? विषय तुम्हीच द्या." आम्हीं विषय दिला. पाऊण तासानें तिनें कागद पुढें ठेवला. पहिल्या निबंधापेक्षां तो किंचित् बराच होता. आम्हीं त्यावर गुण लिहिले. त्यापलीकडे कांहीं बोललों नाहीं. व्हीटलीच्या पुस्तकांतील अठरा नांवें पहिल्यानें वाचलीं तेव्हां ती पाऊण तासाची शांतता आम्हांला आठवली, आणि एकोणिसावी सही कोणाची हें शोधण्यास फार लांब जावें लागलें नाहीं.

दाखल्यानें पुस्तक खरें ठरलें. पण तें विकलें कसें? १७७३ च्या नोव्हेंबरअखेर 'डार्टमथ' जहाजांतून तिच्या पुस्तकाच्या प्रती बोस्टनला आल्या. याच जहाजावर तो प्रसिद्ध चहाही होता. १६ डिसेंबरच्या रात्रीं बोस्टनकरांनीं तीन जहाजांवरील ३४२ पेट्या चहा समुद्रांत ओतला. सुदैवानें पुस्तकें त्यापूर्वीच किनाऱ्यावर उतरलेलीं होतीं. त्याच शरद् ऋतूंत फिलिसला गुलामगिरींतून मुक्तता मिळाली. मुक्तता म्हणजे अन्नवस्त्राची जबाबदारीही तिचीच. ऑक्टोबर १७७३ मध्यें न्यू हेवनच्या डेव्हिड वूस्टर यांना लिहिलेल्या तिच्या पत्रांत कवीपेक्षां दुकानदार अधिक दिसतो. विक्रीचा अर्धा वांटा आपला आहे, तेव्हां आपल्या ओळखीच्यांना पुस्तक घेण्यास सांगा. तिकडच्या छापखानेवाल्यांनीं तें चोरून छापलें तर आपलें नुकसान होईल, म्हणून खऱ्या प्रतींवर आपण स्वतःच्या हातानें सही करीत आहों, असें ती कळविते. अठरा सह्यांच्या पुस्तकावर ही आणखी एक सही, आणि हिचें प्रयोजन निराळें.

न्यूपोर्ट येथें ओबूर टॅनर नांवाची तिची एक मैत्रीण होती. तीही गुलामच. या दोघींचा पत्रव्यवहार १७७२ पासून १७७९ पर्यंत चालला होता, आणि त्यांतील फिलिसचीं कांहीं पत्रें टॅनरनें आयुष्यभर जपून ठेविल्यामुळें आज आपणांस वाचावयास मिळतात. ६ मे १७७४ च्या पत्रांत एक साधा हिशेबी मजकूर आहे : पांच पुस्तकांचे पैसे पोहोंचले, आणखी एका पुस्तकाचे अडीच शिलिंगही पोहोंचले, तें पुस्तक सोबत पाठवीत आहें. आमच्या मतें कृष्णवर्णी स्त्रियांच्या ग्रंथांच्या इतिहासांत या ओळीचें महत्त्व त्या अठरा सह्यांहून तिळमात्र कमी नाहीं. गव्हर्नरानें सही करून आपली खात्री नोंदविली आणि तो आपल्या कामास लागला. जिची स्वतःवर सत्ता नव्हती अशा एका बाईनें पांच घरीं जाऊन पांच प्रती खपविल्या, पैसे गोळा केले, बोस्टनला पोहोंचते केले, आणि सहाव्या गिऱ्हाइकासाठीं पुन्हां मागणी केली. पुस्तकाचें पुढें काय होतें हें अशा माणसांवर अवलंबून असतें.

यानंतरच्या साठ-सत्तर वर्षांची हकीकत थोडक्यांत सांगतों. थॉमस जेफर्सननें व्हर्जिनियाविषयींच्या आपल्या ग्रंथांत व्हीटलीच्या कविता टीकेलाही पात्र नाहींत असें लिहून टाकलें, आणि पुढच्या कित्येक पिढ्यांना वाचल्यावांचून मत देण्याची सोय करून दिली. पण खालच्या बाजूनें निराळेंच काम चाललें होतें. १८३१ सालीं फिलाडेल्फिया येथील स्वतंत्र कृष्णवर्णी स्त्रियांनीं एक वाङ्मयमंडळ काढलें. सभासद स्त्रिया आपलें लेखन निनांवीं पेटींत टाकीत, आणि सभेंत तें वाचून त्यावर टीका होई. नांव लपविण्याची ही युक्ति आम्हांला फार मार्मिक वाटते. लेखिका कोण हा प्रश्नच काढून टाकला म्हणजे लेखन कसें आहे याविषयीं बोलणें भागच पडतें. पुढें १८५४ मध्यें फ्रान्सिस एलेन वॉटकिन्स, जी लग्नानंतर हार्पर या नांवानें प्रसिद्ध झाली, तिनें आपला काव्यसंग्रह काढला. ती गांवोगांव व्याख्यानें देत हिंडे, आणि व्याख्यान संपल्यावर पुस्तकें विके. हजारों प्रती अशा रीतीनें खपल्या.

सगळ्याच लेखिकांच्या दैवीं हार्परसारखें व्यासपीठ नव्हतें. १८५९ च्या सप्टेंबरांत बोस्टनमध्यें हॅरिएट विल्सन नांवाच्या बाईनें स्वखर्चानें एक कादंबरी छापली. 'अवर निग' हें तिचें नांव. मालक लोक आपल्या कृष्णवर्णी मोलकरणीला ज्या हेटाळणीच्या शब्दानें हांक मारीत, तोच शब्द तिनें पुस्तकाच्या माथ्यावर लावला. विशेष हें कीं कथा दक्षिणेंतील गुलामांची नसून उत्तरेकडील 'स्वतंत्र' प्रांतांतल्या एका घरांतली आहे. दक्षिणेच्या पापांविषयीं अश्रु ढाळणाऱ्या उत्तरेला ती रुचण्यासारखी नव्हती. प्रस्तावनेंत लेखिकेनें कारण स्पष्ट सांगितलें आहे : प्रकृति ढासळली आहे, पोटच्या मुलाला पोसावयाचें आहे, म्हणून लिहिलें, माझ्या वर्णाच्या बांधवांनीं पुस्तक विकत घ्यावें. पुस्तक फारसें खपलें नाहीं. सहा महिन्यांच्या आंत तो मुलगा वारला, आणि पुस्तकही वारल्यासारखेंच झालें. नंतरच्या काळांत ज्या थोड्या अभ्यासकांना तें माहीत होतें, त्यांतील कित्येकांनीं लेखिका गोरी असावी असें धरून चालविलें.

१९८१ सालीं न्यूयॉर्कमधील एका जुन्या पुस्तकांच्या दुकानांत हेन्री लुईस गेट्स या तरुण प्राध्यापकाला त्याची एक प्रत मिळाली. त्यानें व त्याच्या सहाय्यकांनीं सरकारी दप्तरें धुंडाळलीं. शेवटीं पुरावा मिळाला तो त्या मुलाच्या मृत्यूच्या दाखल्यांत : आईचें नांव हॅरिएट विल्सन, मुलाचा वर्ण काळा. ज्या मुलाला जगविण्यासाठीं पुस्तक लिहिलें, त्याच्या मृत्यूच्या नोंदीवरून तें पुस्तक त्याच्या आईचें ठरलें. १९८३ मध्यें तें पुन्हां छापलें गेलें. दाखल्यांच्या या सगळ्या इतिहासांत आम्हांला हा दाखला पुन्हां पुन्हां आठवतो, आणि तो आठवला म्हणजे संशोधनाच्या यशाचा आनंद कांहीं केल्या पुरता होत नाहीं.

आतां हॅरिएट जेकब्सकडे वळूं. हिच्या ग्रंथाची हकीकत आम्ही सविस्तर देणार आहों, कारण तिच्यांत अमेरिकेंतील विद्वानांची जशी परीक्षा झाली तशी दुसरीकडे क्वचितच झाली असेल.

जेकब्सचा जन्म नॉर्थ कॅरोलिनांतील ईडेंटन या गांवीं १८१३ मध्यें झाला. मालक तिच्या अब्रूवर उठला तेव्हां ती घरांतून नाहींशी झाली. सर्वांना वाटलें, उत्तरेकडे पळाली. वास्तविक ती त्याच गांवांत, आपल्या आजीच्या घराच्या छपराखालीं दडून होती. ती जागा नऊ फूट लांब, सात फूट रुंद, आणि उंचींत सर्वांत अधिक ठिकाणीं तीन फूट. तेथें उभें राहतां येत नसे. उजेड नव्हता, हवा नव्हती. तिनें हत्यारानें फळीला बारीक भोकें पाडलीं आणि त्यांतून रस्त्यावर खेळणारीं आपलीं मुलें ती पाहत असे. मुलांना ठाऊक नव्हतें. जवळजवळ सात वर्षें अशीं गेलीं. १८४२ मध्यें ती जहाजानें उत्तरेला निसटली. १८४९ सालीं रॉचेस्टर येथें तिच्या भावाचें गुलामगिरीविरोधी वाचनालय होतें, फ्रेडरिक डग्लस यांच्या वर्तमानपत्राच्या कचेरीच्या वरच्या मजल्यावर. तेथें तिनें काम केलें, आणि मिळेल तें वाचून काढलें. एमी पोस्ट या मैत्रिणीनें तिला लिहिण्याचा आग्रह केला तो याच काळांत.

ती न्यूयॉर्कला नॅथॅनियल विलिस या नामांकित लेखकाच्या घरीं मुलें सांभाळण्याच्या नोकरीवर होती. १८५२ मध्यें विलिसच्या पत्नीनें तीनशें डॉलर भरून तिची कायदेशीर सुटका केली. आपण विकले गेलों याचें तिला दुःखच झालें. सुटका हवी होती, पण किंमत देऊन नव्हे. त्याच सुमारास 'अंकल टॉम्स केबिन' मुळें जगप्रसिद्ध झालेल्या हॅरिएट बीचर स्टो यांच्याकडे तिची कथा पोहोंचविण्यांत आली. स्टोबाईंनीं ती खरी आहे कीं नाहीं हें विचारण्यासाठीं मजकूर थेट मालकिणीकडे पाठविला, आणि आपल्या पुढच्या पुस्तकांत ती घालण्याची इच्छा दाखविली. जेकब्सला हें फार लागलें. तिनें ठरविलें, आपली कथा आपणच लिहावयाची. दिवसा मुलांचें करावें, रात्रीं सारें घर निजल्यावर लिहावें, आणि घरधन्याला पत्ता लागूं देऊं नये, असा क्रम कित्येक वर्षें चालला.

हस्तलिखित तयार झाल्यावर प्रकाशकानें अट घातली : लिडिया मारिया चाइल्ड या प्रसिद्ध गोऱ्या लेखिकेची प्रस्तावना पाहिजे. ती मिळविली, तों प्रकाशकाचें दिवाळें निघालें. जेकब्सनें छपाईचे साचे स्वतः विकत घेतले आणि १८६१ च्या आरंभीं बोस्टनमध्यें पुस्तक 'ग्रंथकर्त्रीसाठीं' म्हणून छापून घेतलें. मुखपृष्ठावर तिचें नांव नव्हतें. कथेंत ती लिंडा ब्रेंट झालेली होती, आणि तिच्या छळकाचेंही नांव बदललेलें होतें. पुस्तक तिनेंच घरोघर नेऊन विकलें. त्याच वर्षीं यादवी युद्ध पेटलें, आणि पुस्तक त्या धुरांत दिसेनासें झालें.

पुढें शंभर वर्षें विद्वानांनीं काय केलें? प्रस्तावना चाइल्डबाईंची, म्हणजे पुस्तकही त्यांचेंच, अशी कल्पना रूढ झाली. कथा फार नाट्यपूर्ण आहे, भाषा फार सफाईची आहे, एक गुलाम बाई इतकें सुसूत्र लिहील कशी, असें कारण देण्यांत आलें. १९७२ सालीं गुलामांच्या जीवनावरील एका नांवाजलेल्या ग्रंथांत हें पुस्तक पुरावा म्हणून विश्वसनीय नाहीं असा निर्णय दिला गेला. जीन फेगन येलिन या अभ्यासिकेनेंही आपल्या प्रबंधाच्या वेळीं तेंच मत निमूटपणें स्वीकारलें होतें. पुढें मात्र तिनें पुस्तक नव्यानें वाचलें, आणि रॉचेस्टरच्या विद्यापीठांत जपून ठेवलेल्या एमी पोस्ट हिच्या कागदांत जेकब्सच्या हातचीं पत्रें तिनें तपासलीं. त्या पत्रांत सारें होतें : रात्रीं लिहिणें, स्टोबाईंनीं केलेला अपमान, चाइल्डबाईंनीं काय बदललें आणि काय बदललें नाहीं. १९८१ च्या निबंधांत तिनें लेखिकेचा प्रश्न मिटविला, आणि १९८७ मध्यें सटीप आवृत्ति काढली. त्या टिपांत ईडेंटनचे रस्ते, घरें, माणसें, मालकाचें खरें नांव जेम्स नॉरकॉम, सगळें कागदपत्रांनिशीं जुळविलेलें आहे. जेकब्स १८९७ मध्येंच वारली होती.

त्या आवृत्तीची आमच्याजवळची प्रत विकत घेतलेली नाहीं. वर ज्या विद्यार्थिनीचा उल्लेख केला, ती पुढें दुसऱ्या गांवीं अध्यापिका झाली. एका दिवाळीच्या सुटींत टपालानें एक पुडकें आलें. आंत हें पुस्तक, पहिल्या पानावर तिची सही व तारीख. पत्र वगैरे कांहीं नाहीं. तिनें मुद्दाम हेंच पुस्तक निवडलें होतें कीं नाहीं हें आम्हीं विचारलेलें नाहीं. तेव्हांपासून तें अनेक विद्यार्थ्यांकडे जाऊन आलें आहे, आणि कडा फाटूं लागल्यानें त्याला दुसऱ्यांदा बांधणी करावी लागली.

जेकब्सचें पुस्तक बाजारांतून नाहींसें झालें त्या काळाशीं आपला एक प्रत्यक्ष संबंध पोहोंचतो, तो येथें नमूद करणें अवश्य आहे. १८७३ सालीं जोतीराव फुले यांचें 'गुलामगिरी' प्रसिद्ध झालें. ती अर्पण केलेली आहे अमेरिकेंतील सज्जनांना, नीग्रो गुलामांच्या मुक्ततेसाठीं त्यांनीं दाखविलेल्या निःस्वार्थी त्यागाबद्दल. हें अर्पण छापलें गेलें तेव्हां व्हीटलीच्या पुस्तकाला बरोबर शंभर वर्षें झालीं होतीं. आणि जेकब्स, विल्सन, हार्पर या तिघीही हयात होत्या. पुण्याहून निघालेली कृतज्ञता मुक्तिदात्यांपर्यंत पोहोंचली. मुक्त झालेल्या स्त्रियांनीं स्वतः काय लिहून ठेवलें आहे, तें त्यांच्या स्वतःच्या देशांतही मिळेनासें झालें होतें. याबद्दल जोतीरावांना यत्किंचितही दोष देतां येत नाहीं. उलट, १८८२ मध्यें ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुषतुलना' निघाली आणि तिच्यावर गहजब झाला, तेव्हां 'सत्सारां'त तिची बाजू घेणारे तेच होते. तरीही तें पुस्तक आपण हरवलेंच. १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं तें पुन्हां प्रसिद्ध करीपर्यंत मराठी वाङ्मयाचे किती इतिहास ताराबाईंवांचून लिहिले गेले, याचा हिशेब आपला आपण करावा. अमेरिकेला हंसण्याची घाई करूं नये.

विसाव्या शतकांत छापखाने वाढले, विद्यापीठें वाढलीं, कृष्णवर्णी स्त्रिया पदवीधर झाल्या. आतां तरी पुस्तकें टिकावींत! झोरा नील हर्स्टन १९२८ मध्यें बर्नार्ड कॉलेजची पदवीधर झाली. मानववंशशास्त्रज्ञ फ्रांझ बोआस यांच्याजवळ ती शिकली होती. फ्लॉरिडांतील ईटनव्हिल या केवळ कृष्णवर्णीयांच्या गांवीं ती वाढली, आणि तेथल्या ओट्यांवरच्या गप्पा, गोष्टी, थट्टा हें सारें तिनें आपल्या लेखनांत आणलें. १९३७ सालची तिची कादंबरी, 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड', तिनें हैतीमध्यें असतांना सात आठवड्यांत लिहिली. तिच्यावर सर्वांत कठोर टीका केली ती गोऱ्यांनीं नव्हे, तर रिचर्ड राइट या कृष्णवर्णी कादंबरीकारानें. त्याला तींत अन्यायाचा आक्रोश पाहिजे होता आणि सांपडला एका बाईचा संसार, प्रेम आणि हंसणें. ही टीका आम्हांला अन्यायाची वाटते. दुःख लिहिलें तरच लेखन गंभीर, ही कसोटी परक्यांनीं लावली काय किंवा आपल्यांनीं लावली काय, लेखिकेच्या गळ्याला ती सारखीच आवळते.

हर्स्टन २८ जानेवारी १९६० रोजीं फोर्ट पीअर्स येथें, सरकारी अनाथगृहांत वारली. वर्गणी काढून तिला पुरलें. थडग्यावर दगड बसला नाहीं. तिचे कागद जाळण्याकरितां आग पेटविली होती. ओळखीचा एक पोलीस अधिकारी, पॅट्रिक ड्युव्हाल, रस्त्यानें जात होता. त्यानें गाडी थांबविली आणि पाणी मारून आग विझविली. काठावर करपलेलीं तीं पानें आज फ्लॉरिडाच्या विद्यापीठांत आहेत.

१९७३ च्या ऑगस्टमध्यें ॲलिस वॉकर ही तरुण लेखिका, बरोबर एक अभ्यासक मैत्रीण घेऊन, तें थडगें शोधावयास गेली. लोकांनीं बोलावें म्हणून तिनें आपण हर्स्टनची भाची आहों असें सांगितलें. कंबरेइतक्या गवतांत, सापांची भीति बाळगीत, खळगा पडलेली एक जागा तिनें निश्चित केली आणि तेथें दगड बसविला. दगडावर जन्मसाल १९०१ असें कोरलें आहे. खरें साल १८९१. हर्स्टननेंच आयुष्यभर आपलें वय कमी सांगितलें होतें, त्याला वॉकर काय करणार? १९७५ मध्यें वॉकरनें या शोधाची हकीकत मासिकांत छापली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत अमेरिकेंतील भाषाध्यापकांच्या अधिवेशनांत एक अर्ज हातोहात फिरविला गेला : ती कादंबरी पुन्हां छापावी. १९७८ सालीं ती इलिनॉय विद्यापीठानें छापली. आज ती शाळा-कॉलेजांतून सर्रास शिकविली जाते. तिचें दुसरें एक पुस्तक, गुलामांच्या शेवटच्या जहाजांतून आलेल्या कुजो लुईस या वृद्धाची कहाणी, १९३१ मध्यें लिहून तयार होतें. तें २०१८ मध्यें निघालें.

याच काळांत कृष्णवर्णी स्त्रियांनीं प्रकाशनाचीं सूत्रेंही हातीं घेतलीं. टोनी मॉरिसन १९८३ पर्यंत रँडम हाऊस या मोठ्या प्रकाशनसंस्थेंत संपादिका होती. गेल जोन्स, टोनी केड बंबारा यांचीं पुस्तकें तिच्या हातांखालून गेलीं. १९८० मध्यें बार्बरा स्मिथ व ऑड्री लॉर्ड यांच्या पुढाकारानें निघालेल्या प्रकाशनसंस्थेला 'किचन टेबल' असें नांव दिलें गेलें, कारण बायकांचें काम आणि बोलणें दोन्ही तेथेंच चालतें. जानेवारी १९८८ मध्यें 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या ग्रंथपरीक्षणाच्या अंकांत एक निवेदन आलें. मॉरिसनसारख्या लेखिकेला देशांतील दोन मोठे वाङ्मयीन पुरस्कार अद्याप मिळालेले नाहींत, याबद्दल खेद व्यक्त करून तिचा गौरव केलेला होता. खालीं सह्या होत्या अठ्ठेचाळीस, आणि त्या सर्व कृष्णवर्णी लेखक-लेखिकांच्या. कांहींनीं नाकें मुरडलीं कीं बक्षीस असें मागून घेतात काय! त्याच वसंत ऋतूंत 'बिलव्हेड'ला पुलित्झर पारितोषिक मिळालें. १९९३ मध्यें नोबेल. आम्हांला त्या निवेदनांतली मागणी तितकीशी महत्त्वाची वाटत नाहीं. १७७३ च्या अठरा सह्या परक्यांच्या होत्या, आणि त्या सांगत होत्या कीं ही लिहूं शकते. या अठ्ठेचाळीस सह्या तिच्या वाचकांच्या होत्या, आणि लिहूं शकते कीं नाहीं हा विषयच त्यांत नव्हता.

हें सारें शक्य झालें तें ज्यांच्यामुळें, त्यांत एका ग्रंथपालिकेचें नांव राहून जातां कामा नये. डोरोथी पोर्टर १९३० पासून हॉवर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयांत होत्या. त्या काळच्या दशांश वर्गीकरणांत कृष्णवर्णी लेखकाचें पुस्तक आलें, मग तें काव्य असो, इतिहास असो वा संगीत असो, तें 'गुलामगिरी' किंवा 'वसाहत' या दोन आंकड्यांखालीं लावीत. पोर्टरबाईंनीं तें मानलें नाहीं. कवितेचें पुस्तक कवितेंत गेलें पाहिजे, एवढेंच त्यांचें म्हणणें. आणि एवढ्याच म्हणण्यासाठीं त्यांनीं सारें कपाट फिरविलें. १९४८ सालीं त्यांनीं एका विक्रेत्याकडून 'हॅना क्राफ्ट्स' अशी सही असलेलें एका कादंबरीचें जुनें हस्तलिखित पंचाऐशीं डॉलरांना घेतलें. लेखिका स्वतः गुलाम असावी असा त्यांचा तर्क होता. त्यांच्या पश्चात् २००१ मध्यें तें लिलांवांत निघालें; गेट्स यांनीं तें घेऊन २००२ मध्यें छापलें; आणि २०१३ मध्यें ग्रेग हेसिमोविच या संशोधकानें लेखिका म्हणजे नॉर्थ कॅरोलिनांतील व्हीलर यांच्या घरची पळालेली गुलाम हॅना बाँड, असें जाहीर केलें. हार्परचें केवळ नांवानें माहीत असलेलें पहिलें पुस्तकही अलीकडे एका संशोधक विद्यार्थिनीला मेरीलँडच्या ऐतिहासिक संस्थेंत सांपडलें.

सगळेंच सांपडतें असें मात्र नाहीं. फिलिस व्हीटलीनें १७७८ मध्यें जॉन पीटर्स या स्वतंत्र कृष्णवर्णीयाशीं लग्न केलें. पुढच्या वर्षीं तिनें दुसऱ्या पुस्तकाची जाहिरात दिली : तेहेतीस कविता आणि तेरा पत्रें. युद्धाचे दिवस होते. वर्गणीदार मिळाले नाहींत. ५ डिसेंबर १७८४ रोजीं, दारिद्र्यांत, तिशी ओलांडते न ओलांडते तों ती वारली. दोन महिन्यांनीं, १७८५ च्या फेब्रुवारींत, बोस्टनच्या एका वर्तमानपत्रांत तिच्या नवऱ्यानें लहानशी सूचना दिली. फिलिसच्या कवितांची हस्तलिखित वही ज्या कोणीं तिच्याकडून वाचावयास नेली असेल, त्यानें ती कृपा करून ताबडतोब परत करावी. तिचें सर्व लेखन छापावयाचें आहे.

ती वही अद्याप कोणाला मिळालेली नाहीं.